चटणीचा नंबर : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एका मिरची कांडपाविषयी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, तालमीच्या भिंतीला लागून, एक मिरची कांडप आहे. त्याला नाव नाही. दारावरच्या पत्र्यावर तांबड्या अक्षरांत ‘मिरची, हळद, मसाला कांडून मिळेल’ एवढेच लिहिलेले असून त्यातील ‘हळद’ हा शब्द पावसाने पुसत आला आहे. पेठेतील लोक त्याला ‘मावशींचं कांडप’ म्हणतात. तेवढ्यावरून ज्यांना पत्ता सापडत नाही त्यांनाही मार्च ते मे या काळात वेगळी खूण सांगावी लागत नाही. नाक सुरसुरू लागले की उजवीकडे वळावे.

गेली तीस-बत्तीस वर्षे आमच्या घरची वर्षाची चटणी येथेच कुटली जाते. तथापि त्या दाराच्या आत मी स्वतः यंदाच्या एप्रिलमध्ये प्रथमच पाऊल टाकले, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आजवर सकाळी स्कूटरवरून डबे पोहोचवणे आणि संध्याकाळी ते परत आणणे एवढाच माझा या व्यवहारातील वाटा होता. यंदा सौभाग्यवतीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सूनबाईंच्या कचेरीत वर्षअखेरचे काम निघाले, चिरंजीव नेहमीप्रमाणे फिरतीवर होते आणि एकाहत्तराव्या वर्षी चटणीचा सगळा कारभार माझ्या गळ्यात आला. नोकरीची सर्व वर्षे मी हिशेबतपासनीस म्हणून काढली असल्यामुळे हे काम मला अवघड जाणार नाही, असे मी घरात जाहीर केले. त्यावर कोणी काही बोलले नाही, ही गोष्ट मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडे ‘चटणी’ म्हटले की ती ताटात डावीकडे वाढायची ओली चटणी नव्हे, तर कांदा, लसूण, खोबरे आणि मसाले घालून कुटलेले वर्षभराचे तिखट. आमटीपासून तांबड्या रश्श्यापर्यंत सगळ्याला तेच लागते आणि ते बिघडले तर घराचे एक वर्ष बिघडते. त्यामुळे कांडपाची निवड हा आमच्याकडे डॉक्टर निवडण्याइतकाच गंभीर विषय आहे.

मिरची लक्ष्मीपुरीतून आणली. सौभाग्यवतीने दिलेल्या यादीत बेडगी तीन किलो, संकेश्वरी दीड किलो आणि लवंगी अर्धा किलो असे प्रमाण होते. बेडगी रंगासाठी, कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरकुतलेल्या सालीची मिरची दिसायला गडद लाल, पण स्वभावाने मवाळ असते, आणि तिला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. संकेश्वरी चवीसाठी, नाव बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरचे असले तरी आपल्या गडहिंग्लजच्या बाजाराशी तिचे नाते जुने आहे. लवंगी कशासाठी हे ज्याने ती एकदा चावली आहे त्याला सांगावे लागत नाही. मी व्यापाऱ्यासमोर उभा राहून ही माहिती आठवत असतानाच घरून फोन आला. “अहो, फोन मिरचीजवळ धरा आणि एक मोडा,” असे सौभाग्यवतीने फर्मावले. मी मोडली. पलीकडून क्षणभर शांतता. “ओली आहे. पुढच्या पोत्यातली बघा.” दुसऱ्या पोत्यातील मिरची मोडल्यावर जो कडकडीत आवाज झाला तो तिला पसंत पडला. दुकानदाराने त्यानंतर भावात घासाघीस केली नाही. मला वाटते, तोही दबला असावा.

पुढचे चार दिवस गच्चीवर वाळवण, देठ खुडणे, मसाले भाजणे, कांदा तेलात चांगला करडा होईपर्यंत तळणे यात गेले. त्याचा तपशील येथे देत नाही, कारण त्यात माझा भाग फक्त देठ खुडण्याचा होता आणि तोही सुटीला पुण्याहून आलेल्या नऊ वर्षांच्या नातवाने अर्ध्याहून अधिक उरकला. (पाच किलो मिरचीचे देठ काढल्यावर चार किलो सातशे ग्रॅम उरले. देठांचे पैसे आपण मिरचीच्या भावाने मोजतो, हा विचार मला यापूर्वी कधी सुचला नव्हता.)

आता मूळ विषयाकडे येतो.

कांडपात नंबर लावावा लागतो. दाराशी एक शाळेची पाटी टांगलेली असते आणि पहिले येणारे गिऱ्हाईक तिच्यावर खडूने आपले नाव लिहिते. सकाळी साडेसहाला मी नातवाला घेऊन पोहोचलो तेव्हा माझा नववा नंबर लागला. आधीच्या आठही बायका होत्या आणि त्यातल्या पाच जणी आमच्याच गल्लीतल्या असल्याने, मी डब्यांची पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच सौभाग्यवतीच्या गुडघ्यापासून सूनबाईंच्या बढतीपर्यंत सर्व विषयांची चौकशी पूर्ण झाली.

आत सहा उखळे एका ओळीत पक्की बसवलेली आहेत आणि प्रत्येकात एक लोखंडी मुसळ मोटरच्या पट्ट्यावर आळीपाळीने उचलले जाऊन खाली पडते. त्या आवाजाला एक लय आहे. आमच्या नातवाने ती पाच मिनिटांत टेबलावर बोटांनी वाजवून दाखवली. मावशी साधारण पंचावन्नच्या असतील. पदर नाकावरून घेऊन मागे खोचलेला, कपाळापासून कोपरापर्यंत सगळ्या तांबूस, आणि हातात एक लाकडी दांडा. मुसळ वर गेले की त्या दांड्याने कडेची मिरची मध्ये लोटायची आणि मुसळ खाली येण्याआत हात मागे घ्यायचा, हे काम त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत, उखळाकडे न पाहता करतात. मी ते पाहताना तीनदा डोळे मिटले.

चक्कीत दळण्याऐवजी येथे कुटूनच का न्यावे, याचे उत्तर ताज्या कुटलेल्या चटणीच्या ढिगावर हात धरल्यावर मिळते. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत तिखट तापते आणि तापलेल्या मसाल्याचा वास डब्यात पोहोचण्याआधी हवेत जातो. मुसळाखाली ते फारसे तापत नाही, शिवाय पूड अगदी पिठासारखी न होता किंचित रवाळ राहते आणि खोबऱ्या-तिळाचे तेल सगळीकडे सारखे उतरते. प्रथम मिरची आणि खडे मीठ, मग चाळणे, चाळणीवर राहिलेले पुन्हा उखळात, नंतर भाजलेले कोरडे मसाले आणि सर्वांत शेवटी कांदा-लसूण, असा क्रम आहे. तो कोणी मोडायला सांगितला तर मावशी ऐकून घेतात आणि आपल्याच क्रमाने करतात.

हिशेबतपासनीस म्हणून मला ज्या दोन गोष्टी तपासायच्या होत्या त्या अशा. एक, आपला माल दुसऱ्याच्या मालात मिसळतो का? दोन, वजनात घट किती येते?

पहिल्या बाबतीत माझे पूर्ण समाधान झाले. एका गिऱ्हाइकाचे काम संपले की उखळ कुंच्याने झाडतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्याच डब्यातील मूठभर खडे मीठ आधी एकटे कुटून उखळाच्या तळाशी चिकटलेले सगळे त्यात ओढून घेतात. ते मीठ बाजूला एका डब्यात जाते. आपल्या चटणीत येत नाही. वजनाच्या बाबतीत सांगायचे तर घरून निघताना मी सर्व डबे तोलून वहीत नोंद केली होती. तेथील काट्यावर तोच आकडा आला : ११ किलो ४०० ग्रॅम. कुटून हाती आले ११ किलो २५० ग्रॅम. दीडशे ग्रॅमचा फरक मी मावशींना दाखवला तेव्हा त्यांनी नातवाच्या लाल झालेल्या नाकाकडे बोट केले. “त्यो बघा काका, निम्मी तिथं गेली की.”

ही तक्रार त्यांनी हसण्यावारी नेली तरी तीत तथ्य होते, कारण नातवाने माझ्या त्याच वहीच्या मागच्या पानावर शिंकांचा स्वतंत्र हिशेब ठेवला होता. तीन तासांत आजोबा सतरा, तो स्वतः तेवीस, कोपऱ्यातल्या आजी एकही नाही. त्या आजींकडे तो पुढे सबंध दिवस आदराने पाहत होता.

बाकावरच्या गप्पा हा या सेवेचा भाग मानायचा की नाही, हे मला ठरवता आलेले नाही, पण वेळ त्यांच्यामुळेच गेला. प्रत्येकीच्या डब्याला झाकण घट्ट असते आणि प्रमाण कोणीच सांगत नाही. “बेडगी किती घातलीय?” या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर “अंदाजानं” असे आहे. एकीने ठामपणे सांगितले की मिरचीचा सगळा जाळ बियांत असतो. मला राहवले नाही. जाळ बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत मुख्यतः असतो आणि तिच्या सहवासाने बियाही तिखट लागतात, हे मी समजावून सांगितले, आणि उत्साहाच्या भरात मिरची मूळची अमेरिका खंडातली असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, तोवर आपले पूर्वज तिखटासाठी मिरे वापरत, हेही जोडले. सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. मग शिंक न आलेल्या आजी म्हणाल्या, “मग तवाचा रस्सा तांबडा कसा म्हणायचा? काळाच की त्यो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

याच व्याख्यानादरम्यान मी देठाचा एक तुकडा उचलून दाखवला होता आणि त्याच हाताने नंतर चष्म्याखालचा डोळा चोळला. पुढील पाच मिनिटांचे वर्णन करत नाही. मी नळाखाली हात धुतच राहिलो, पण आग कमी होईना. तेव्हा मावशींनी मुसळ थांबवून माझ्या तळहातावर चमचाभर शेंगतेल ओतले, ते बोटांच्या पेरांपर्यंत चोळायला लावले आणि मगच साबण दिला. डोळ्यावर फक्त गार पाण्याचे सपकारे मारायला सांगितले. मिरचीतील आग लावणारे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, हे मीही वाचलेले होते. वाचलेले ऐन वेळी आठवत नाही, एवढेच.

आता ज्या प्रसंगामुळे हा अभिप्राय लिहायला बसलो तो सांगतो, आणि त्यात दोष कोणाचा हे वाचकांनी ठरवण्याची गरज नाही, कारण ते आमच्या घरी केव्हाच ठरले आहे.

सौभाग्यवतीच्या यादीवरून मी डब्यांची एक स्वतंत्र सुबक यादी केली होती : डबा क्रमांक एक मिरची, दोन मीठ, तीन खोबरे, याप्रमाणे सातपर्यंत. माझा नंबर आल्यावर मावशींनी सर्व डबे उघडून ओळीने पाहिले आणि विचारले, “काका, खसखस कुठं हाय?” मी यादी पाहून सांगितले की खसखस नाही. त्यांनी मसाला उखळात टाकण्यापूर्वी पुन्हा विचारले, “काकूंच्या चटणीत असतीया. दर वर्षी असतीया.” मी यादी त्यांच्यासमोर धरली. शेवटी कांदा-लसूण घालताना त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, “फोन तरी लावून बघा की एकदा.” यादी लेखी असताना तोंडी चौकशीची आवश्यकता नाही, असे मी त्यांना सांगितले. हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा उच्चारलेले आहे.

घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतीने खुर्चीत बसूनच चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, आधी वास घेतला, मग जिभेच्या टोकाला लावली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, “अहो, खसखस कुठं आहे?”

“आजोबा, ती डिकीत आहे,” नातू म्हणाला. पिशवीत जागा उरली नाही म्हणून भाजलेल्या खसखशीचा छोटा डबा सकाळी मीच स्कूटरच्या डिकीत ठेवला होता आणि त्याला क्रमांक द्यायचे राहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळी चटणी आणि तो डबा घेऊन पुन्हा कांडपावर गेलो. मावशींनी नंबर लावायला सांगितले नाही. बारा ते दोन त्यांची जेवणाची सुटी असते. त्या वेळात त्यांनी खसखस आधी वेगळी कुटली आणि मग सबंध अकरा किलो चटणी दोन-दोन किलोंच्या घाण्यात पुन्हा मुसळाखाली फिरवून घेतली. त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “चूक झाली त्येचं कसलं पैसं? काकूंना सांगा, गुडघा बरा झाला की स्वतः या.” या वाक्यात माझ्याविषयी काही सूचना होती का, याचा मी अद्याप विचार करत आहे.

त्रुटींचीही नोंद करतो. बसायला एकच बाक आहे आणि त्याचा एक पाय आखूड असल्याने टोकाला बसलेल्या माणसाने उठण्यापूर्वी इतरांना कल्पना देणे आवश्यक आहे. हवा खेळावी म्हणून लावलेला पंखा असा बसवला आहे की उखळावरची सगळी पूड तो रांगेच्या तोंडावर आणतो. त्याची दिशा बदलली तर आमच्यासारख्यांचे आयुष्य वाढेल. पावती मिळत नाही. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आहे, परंतु भिंतीवरच्या क्यूआर कोडचा कागद तिखटाने इतका माखला आहे की कोणत्याही फोनला तो वाचता येत नाही, सबब रोख पैसे न्यावेत. दर किलोवर असतो आणि तो दर हंगामाला बदलतो, म्हणून आकडा लिहीत नाही. आत शिरताच समोरच्या फळ्यावर तो लिहिलेला दिसतो आणि मला सांगितला गेला तोही तोच होता. मसाला भाजून देण्याची सोयही वेगळ्या दराने आहे. मी ती वापरलेली नाही आणि घरातून तशी परवानगीही मिळणार नाही.

गर्दी गुढी पाडव्यानंतर वाढते आणि वळवाचे पहिले ढग दिसले की उच्चांक गाठते, कारण मिरची भिजण्याआधी सगळ्यांनाच कुटून हवी असते. शक्य असेल त्यांनी मार्चमध्येच उरकावे. अमावास्येला कांडप बंद असते. लहान मुलांना आणि दम्याचा त्रास असलेल्यांना आत नेऊ नये. आमच्या नातवाला नेले ही चूक होती, मात्र तो ती मान्य करत नाही.

चटणीविषयी काय सांगावे? रंग गडद विटकरी लाल उतरला आहे, तेल सुटते आणि रश्श्यावर येणारा कट पाहून चिरंजीवांनी फिरतीचा एक दिवस कमी केला. दोन किलो पुण्याला मुलीकडे गेली. मागील वर्षी तिने वेळ नाही म्हणून तेथील एका मोठ्या दुकानातून तयार पाकीट आणले होते आणि चार दिवसांनी फोन करून, तिखट तांबडे आहे पण त्याला घराचा वास नाही, असे सांगितले होते. एक किलो सूनबाईंच्या माहेरी रत्नागिरीला पाठवली. विहीणबाई दर वर्षी तिला ‘जाळ’ म्हणतात आणि दर वर्षी फेब्रुवारीत संपल्याचे कळवतात. उरलेली आमच्या दोन चिनी मातीच्या बरण्यांत हिंगाच्या खड्यांसह बसली असून पावसाळा संपेपर्यंत तिला कोठेही बुरशीचा ठिपका आलेला नाही.

दसऱ्यानंतर हळकुंडे कांडायला मी पुन्हा गेलो. हंगाम नसल्याने रांग नव्हती, पण रीत म्हणून मावशींनी खडू घेऊन पाटीवर स्वतःच माझा नंबर लावला. मी चष्मा पुसून वाचले. तेथे ‘खसखसवाले काका – १’ असे लिहिलेले होते.